बुलेटवर जीपीएस: निवड, माउंट, वायरिंग

१३ एप्रिल

काम सुरू करायच्या आधीच लिहून ठेवतो की आपल्याला पाहिजे काय, नाहीतर दुकानात गेलं की माणूस स्क्रीनची साइज पाहूनच भाळतो. गाडी माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, जुन्या यूसीई इंजिनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात), सिंगल सिलेंडर, म्हणजे व्हायब्रेशन भरपूर. फिरणं दोन प्रकारचं, एक शहर आणि हायवे, आणि दुसरं रविवारचं, पेंच, उमरेड-करांडला, नागभीड, ब्रह्मपुरी, खाली गडचिरोली, कधी वरच्या अंगाला मेळघाट. यातल्या बऱ्याच पट्ट्यात मोबाईलला रेंजच नसते. वरून आपलं नागपूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जाणं ही काही इथे बातमी नाही, आणि हँडलवर उघड्या उन्हात लावलेली वस्तू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते.

म्हणून माझ्या अटी तीनच. भर दुपारी एका नजरेत वाचता आलं पाहिजे, नेटवर्क नसताना रस्ता दाखवता आला पाहिजे, आणि पावसात बंद पडलं नाही पाहिजे. गाणी, कॉल, ब्लूटूथ हे असलं तर ठीक, नसलं तरी काही अडत नाही.

अजून एक गोष्ट, कारण अर्धे मित्र हेच विचारून राहिले आहेत. रेंज गेली की जीपीएस बंद पडतं असं नसतं. सॅटेलाईट वर सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरत असतात आणि त्यांचा सिग्नल रिसीव्हर थेट घेतो, त्यात टॉवरचा काही संबंध नाही. टॉवर कामाला येतो तो दोन गोष्टींसाठी, एक म्हणजे नकाशा डाउनलोड व्हायला आणि दुसरं म्हणजे कोणता सॅटेलाईट कुठे आहे ही माहिती पटकन मिळायला. ती माहिती सॅटेलाईटकडून पण येते, फक्त हळू येते. म्हणून जंगलात फोन चालू केला की निळा ठिपका यायला वेळ लागतो आणि आला तरी तो कोऱ्या पानावर येतो. नकाशा आधीच भरून ठेवला असेल तर फोन पण बिनारेंजचा चालतो. फोनची अडचण वेगळीच आहे, ती उद्या-परवा लिहितो.

१६ एप्रिल

फोन का नाही, याची कारणं.

पहिलं कारण गरमी. लिथियम बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून फोन तापला की तो स्वतःच चार्जिंग थांबवतो, मग स्क्रीन मंद करतो आणि शेवटी थंड होऊ द्या असा मेसेज देऊन बसतो. म्हणजे ऊन जितकं जास्त तितका उजेड जास्त पाहिजे आणि फोन नेमका तेव्हाच उजेड कमी करतो. हा काही एखाद्या कंपनीचा दोष नाही, बॅटरी वाचवायची तर त्याला तेच करावं लागतं. पण आपल्या विदर्भात चार महिने हेच होणार असेल तर त्याच्या भरवशावर वळण कसं घ्यायचं.

दुसरं कारण कॅमेरा. अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच लिहून ठेवलं आहे की मोटरसायकलच्या जोरदार व्हायब्रेशनने आयफोनच्या कॅमेऱ्यातलं ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं, थेट गाडीवर लावू नका. आतमध्ये लेन्स अक्षरशः तरंगत असते, ती छोट्या चुंबकांनी सांभाळलेली असते, आणि ३५० चा सिंगल सिलेंडर तिला तासन् तास हलवणार. डॅम्पर लावून हे कमी होतं, शून्य होत नाही.

तिसरं म्हणजे फोन माझा कामाचा आहे. पडला, भिजला तर सोमवारी पंचाईत.

मग जुना फोन? तो विचार मी बराच केला. ओसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखं नकाशाचं अॅप टाकलं की पूर्ण महाराष्ट्र बिनारेंजचा चालतो, फुकट. ज्याला खर्च करायचा नाही त्याने बिनधास्त हेच करावं. पण गरमीचा प्रश्न तिथेही तोच, उलट जुनी बॅटरी जास्त नाजूक.

आजकाल ते पाच इंची वॉटरप्रूफ कारप्लेवाले स्क्रीन पण येऊन राहिले आहेत. दिसायला मस्त, पण ते फक्त फोनचा आरसा आहेत, अक्कल सगळी खिशातल्या फोनची. एनफिल्डने २०२० मध्ये मीटिओर बाइकसोबत दिलेला ट्रिपर पण तसाच, बाण तो दाखवतो पण जीपीएस फोनचंच असतं. खिशातला फोन उन्हात तापत नाही हा त्याचा फायदा मोठा आहे, तो मान्य.

मोटरसायकलसाठीच बनवलेले, गार्मिनच्या झुमोसारखे, ते खरोखर चांगले आहेत. हातमोजे घालून चालणारा टच, उजळ स्क्रीन, ज्या पाळण्यात यंत्र बसतं त्यातच पॉवर. महिना महिना फिरणाऱ्याने तेच घ्यावं. माझ्या बजेटच्या बाहेर आहे, आणि मला एवढा मोठा स्क्रीन डोळ्यासमोर नको पण आहे.

उरलं ट्रेकवाल्यांचं बटणांचं हँडहेल्ड, म्हणजे हातात मावणारं जीपीएस. दोन डबल ए सेल, २.२ इंचाचा स्क्रीन, टच नाही, आवाज नाही. आज रात्रीपर्यंत तरी मन इकडेच झुकून राहिलं आहे.

एक सावधगिरी, कारण ऑनलाईन शोधताना दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. सॅटेलाईटवरून मेसेज पाठवणारे कम्युनिकेटर, इनरीचसारखे, ते वेगळं प्रकरण आहे. जीपीएस फक्त ऐकतं, कम्युनिकेटर बोलतं पण, आणि भारतात असं यंत्र दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही, सॅटेलाईट फोनसारखंच. परदेशातून येताना कोणी हौसेने आणलं आणि विमानतळावर अडकलं असे प्रकार झाले आहेत. तुमच्या नातेवाईकाला "एक घेऊन ये" सांगायच्या आधी हे वाचा.

२० एप्रिल

सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्लीत जाऊन आलो आणि मग एका ओळखीच्या दादाचं हँडहेल्ड मागून आणलं, गच्चीवर दुपारी दीड वाजता शेजारी फोन ठेवून पाहिलं. फरक एवढा होता की मी आईला वर बोलावून दाखवलं. फोनचा ब्राइटनेस फुल, तरी त्यात आधी माझंच तोंड दिसत होतं. हँडहेल्डचा स्क्रीन घरात पाहिला तर मरगळलेला, कागदासारखा फिका, पण उन्हात नेला की रेषा न् रेषा स्पष्ट. त्याला ट्रान्सफ्लेक्टिव्ह म्हणतात, मागे असा थर असतो की बाहेरचाच उजेड परत फेकून तो चित्र दाखवतो, म्हणून ऊन वाढलं की तो जास्त चांगला दिसतो, आणि बॅकलाईट बंद ठेवता येतो तर सेल पण खूप टिकतात.

एक तपासून पाहायची गोष्ट सापडली. पोलराइज्ड गॉगल घालून पाहिलं आणि यंत्र आडवं केलं तर स्क्रीन जवळपास काळा झाला. एलसीडीवर स्वतःचा पोलरायझर असतो, गॉगलचा त्याच्याशी आडवा आला की उजेड अडतो. उभं धरलं तर ठीक दिसतं. म्हणजे माउंट उभाच करायचा हे इथेच ठरलं. तुम्ही कोणतंही यंत्र घ्या, स्वतःचा गॉगल आणि स्वतःचं हेल्मेटचं व्हायजर घालून दुकानाबाहेर उन्हात पाहा, दुकानातल्या ट्यूबलाईटमध्ये पाहून घेऊ नका.

ठरलं. हँडहेल्डच.

२७ एप्रिल

यंत्र आलं. ओपनस्ट्रीटमॅपवरून (लोकांनीच मिळून बनवलेला खुला नकाशा) बनवलेला भारताचा नकाशा मेमरी कार्डवर टाकला, कार्डाची खाच सेलच्या खाली आहे. रस्ता शोधतं पण लांबचा शोधायला वेळ घेतं, नागपूर ते चिखलदरा एकदम मागितलं तर बराच वेळ विचारच करत बसलं. त्यापेक्षा घरी कॉम्प्युटरवर मार्ग आखायचा, त्या मार्गाची फाइल, म्हणजे जीपीएक्स, टाकायची आणि यंत्रावर फक्त ती रेघ पाहत जायचं, हे मला पटलं. यात अजून एक फायदा आहे. समृद्धीवर बाइकला बंदी आहे, आणि नकाशा कारच्या मोडमध्ये ठेवला की बरेच नकाशे मुंबईकडे जाताना सरळ तिकडेच ढकलतात. स्वतः आखलेल्या रेघेत तो प्रश्नच येत नाही.

संध्याकाळी झिरो माइलला गेलो. तिथला खांब जीटीएसचा, म्हणजे त्या जुन्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा बेंचमार्क, त्याची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १०२० फूट, म्हणजे ३११ मीटर. यंत्राने अंदाजे ३०५ ते ३१८ च्या मध्ये हेलकावे खाल्ले. जागा चार-पाच मीटरात बरोबर येते पण उंची नेहमीच जास्त चुकते, कारण सॅटेलाईट सगळे आपल्या डोक्यावर, पायाखाली एकही नाही, मग वरखालचं माप बांधायला खालून काही आधार नसतो. फोनच्या एका अॅपने तर पन्नास-साठ मीटर कमीच दाखवलं, ते चूक नव्हे, ते पृथ्वीचा जो गणिती लंबगोल आकार धरतात त्याच्यापासूनची उंची दाखवत होतं आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली धरावी लागते. ज्या माणसांनी शंभरावर वर्षांपूर्वी दुर्बीण आणि पट्ट्यांनी ही उंची काढली त्यांच्याबद्दल मनात फार आदर वाटला.

परत येताना वर्धा रोडच्या डबल डेकरखालून आलो. ३.१४ किलोमीटरचा तो पूल, खाली रस्ता, वर फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो. खाली असताना सिग्नल फक्त बाजूने येतो, ठिपका शेजारच्या लेनमध्ये सरकतो, आणि आपण पुलावर आहोत का पुलाखाली हे यंत्राला कळतच नाही. तिथे पाटी पाहूनच चालवायचं.

४ मे

आज पूर्ण दिवस माउंट.

आधी यंत्राच्या मापाचा खरड्याचा (पुठ्ठ्याचा) तुकडा कापला आणि टेपने वेगवेगळ्या जागी लावून गाडी फिरवली. टाकीवर लावलं की मान खाली जाते. आरशाच्या दांड्यावर लावलं की थरथर जास्त आणि आरसा ढिला पडतो. हँडलच्या टोकाकडे पण थरथर जास्त, मधल्या क्लॅम्पच्या जवळ कमी. शेवटी जागा सापडली ती मधल्या क्लॅम्पच्या डाव्या अंगाला, स्पीडोमीटरच्या काठाच्या जराशी वर, चावी आणि काटा दोन्ही मोकळे राहतील अशी. ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. नजर खाली जाऊन परत यायला एक सेकंद गेला तर तेवढा रस्ता आपण पाहिलेलाच नाही, त्यात एक गाय, एक ऑटो आणि एक खड्डा आरामात मावतो. म्हणून जागा ठरवताना सुंदर काय दिसेल ते सोडा, रस्त्यावरून डोळा किती कमी हलेल तेवढंच पाहा. कायद्यात पण २०२० पासून असंच आहे, हातातलं यंत्र फक्त रस्ता पाहायला आणि तेही लक्ष विचलित न होता.

हँडल २२ मिलिमीटरचं, त्याला यू-बोल्टवाला एक इंची रबरी बॉलचा बेस. सोबत आलेला दांडा मध्यम लांबीचा होता, तो काढून सर्वात छोटा लावला, दांडा जितका लांब तितकं टोकाला यंत्र नाचतं. यंत्राच्या पाळण्याची भोकं आणि बॉलच्या प्लेटची भोकं जुळेनात, तेव्हा हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तीन मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी कापून घेतली. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, कोपरे गोल करून देतो, पडला-बिडला तं पोटात नाही घुसलं पाहिजे." हे माझ्या डोक्यातच नव्हतं आणि ऐकून बरं वाटलं. थरथरीने ढिले न होणारे नायलॉक नट, खाली रबराचा वायसर, आणि वरून नायलॉनची एक डोरी यंत्रापासून हँडलला, क्लिप तुटली तरी यंत्र रस्त्यावर जाणार नाही.

हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून पाहिलं. टाकीला लागत नाही, क्लच केबल दबत नाही.

११ मे

वायरिंग करायच्या आधी एक फेरी मुद्दाम फक्त सेलवर केली. पहाटे निघालो, कामठी, कन्हान, मनसर, रामटेक, मग पुढे सिल्लारीकडे. स्क्रीन छान दिसतो, नकाशा उत्तरेला न ठेवता जायच्या दिशेला ठेवला आणि झूम २०० मीटरवर, तेवढं पुरतं.

पण रम्बलरवरून (रस्त्यावरच्या ओळीने असलेल्या छोट्या उंचवट्यांवरून) गेलो की यंत्र बंद. पहिल्यांदा वाटलं बटण दाबलं गेलं असेल, मग पुढच्या रम्बलरला परत बंद. कारण सोपं आहे, सेल स्प्रिंगवर उभे असतात, झटका बसला की क्षणभर संपर्क सुटतो आणि तेवढ्यात यंत्र मरतं. बाइकवर हँडहेल्ड लावणाऱ्या बऱ्याच जणांना हे होतं. घरी येऊन सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ पट्टी कापली आणि दोन्ही सेलच्या मधल्या घळीत अशी बसवली की झाकण लावल्यावर सेल बोटाने हलत नाहीत. पट्टी जाड झाली तर झाकणाची रबरी सील नीट बसत नाही, पाणी जाऊ शकतं, म्हणून घासून घासून पातळ केली. मग कॉलनीतल्या सगळ्या स्पीडब्रेकरवरून नेऊन पाहिलं. एकदाही बंद नाही.

१८ मे

वायरिंग. ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांना घरीच बोलावलं होतं.

मी रिले, म्हणजे बॅटरीवरून थेट वीज द्यायचा वेगळा स्विच, घेऊन बसलो होतो. काका म्हणाले, "काहून लावता रिले? हे खाते किती?" हिशोब केला. यंत्र ५ व्होल्टला जास्तीत जास्त १ अँपियर, म्हणजे ५ वॅट, बॅटरीच्या बाजूने अर्ध्या अँपियरच्याही आत. ब्रेक लाईटचा बल्बच २१ वॅटचा असतो, ती लाइन हे सहज सोसते. रिले म्हणजे वाढीव चार जोड, आणि बाइकवर बिघाड नेहमी जोडावरच होतो. रिले परत डब्यात.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. ब्रेक स्विचला येणारी वायर मल्टीमीटरने शोधली, चावी फिरवली की जिवंत, बंद केली की मेलेली, म्हणजे रात्रभर बॅटरी उतरायचा प्रश्न नाही. जोडाच्या अगदी जवळ २ अँपियरचा फ्यूज, नंतर इपॉक्सीत बुडवलेला छोटा १२ ते ५ व्होल्टचा कन्व्हर्टर, तो टाकीखाली, इंजिनच्या हेडपासून लांब. काकांनी सोल्डर लावूच दिलं नाही. "सोल्डर केलं का वायर तिथं कडक होते, मंग त्याच्या काठावरच तुटते." क्रिंप केलं, म्हणजे जोड दाबून बसवला, वर हीट श्रिंकची नळी, पूर्ण वायर स्लीव्हमध्ये. हँडलपाशी वायरला एक सैल वळण ठेवलं आणि परत दोन्हीकडे लॉकपर्यंत फिरवून पाहिलं. इंजिन चालू असताना इनपुटला १४.१ व्होल्ट, आउटपुटला ५.१.

एक बारीक गोष्ट. डेटाच्या तारा असलेली यूएसबी वायर लावली तर यंत्राला वाटतं कॉम्प्युटरला जोडलं, आणि ते नकाशा सोडून पेन ड्राइव्ह होऊन बसतं. म्हणून आतल्या दोन डेटाच्या तारा जोडल्याच नाहीत, फक्त लाल आणि काळी. आणि प्लगचा भार सॉकेटवर येऊ नये म्हणून वायर दांड्याला झिप टायने बांधली, नाहीतर काही महिन्यांत ते भोकच ढिलं होतं.

२२ जून

पाऊस लागला आणि माझा अर्धा प्लॅन बदलला.

यंत्र आयपीएक्स ७ चं आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ते कधी? मागची रबरी झापड बंद असेल तेव्हा. चार्जिंगची वायर लावली की झापड उघडीच राहते, मग ते रेटिंग विसरायचं. जाहिरातीत हे कोणी ठळक सांगत नाही आणि बाइकवाल्यासाठी तर तेच सर्वात महत्त्वाचं आहे. शिवाय हे रेटिंग शांत पाण्याचं, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या धारेचं नाही, गाडी धुवायला देताना यंत्र काढूनच द्यायचं.

म्हणून आता पावसाळाभर यंत्र सेलवर, झापड बंद, आणि वायरच्या टोकाला रबरी टोपी, आत थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, ते पाणी अडवतं. रिचार्जेबल सेलचे दोन जोड खिशात, आणि तेही संपले तर डबल ए सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतो, हे मला या यंत्राचं सगळ्यात आवडलेलं काम आहे. ती ट्यूबची पट्टी मे महिन्यात सोय म्हणून लावली होती, आता सगळं तिच्यावरच चालून राहिलं आहे.

१३ जुलै

नागभीड, ब्रह्मपुरी, गडचिरोली आणि परत. मुसळधार नाही पण दिवसभर झड. यंत्रात एक थेंब नाही, स्क्रीनवर धुकं नाही. ढगाळलेल्या उजेडात तो फिका पडतो, तेव्हा बॅकलाईट अर्धा लावावा लागला आणि सेल साहजिकच लवकर उतरले. यू-बोल्ट परत एकदा आवळला, पाव आटा फिरला असेल.

एक काम मात्र नकाशा करूच शकत नाही. नाल्यावरचा रपटा, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल, नकाशात रस्ताच असतो, त्याच्यावरून पाणी वाहून राहिलं आहे का हे त्याला ठाऊक नसतं. भामरागडकडे तर पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्कच तुटतो आणि यंत्र तरीही सरळ जा म्हणेल. म्हणून आज वाटेतल्या प्रत्येक रपट्यावर थांबून वेपॉइंट, म्हणजे यंत्रातल्या जागेच्या खुणा, मारले, लाल झेंडा, आणि मार्ग आखताना त्याच्या आधीचा कोणता फाटा सुटकेचा आहे तोही. एका ठिकाणी नवीन पूल झाला आहे आणि नकाशात अजून जुनाच रस्ता, ती दुरुस्ती रात्री ओपनस्ट्रीटमॅपवर टाकली. ज्यांना ही वेपॉइंटची फाइल पाहिजे त्यांनी सांगा, पावसात तिकडे जाणार असाल तर नक्की घ्या, आणि तुमच्या वाटेवरचे रपटे मला पाठवा, म्हणजे त्यात जोडतो. मेळघाटचे, सेमाडोह-हरिसाल पट्ट्यातले, अजून एकही नाहीत.